सेक्रेटरींच्या कुंडीतली वांगी

अप्पा, आज माझे पाय जमिनीवर नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच.

अण्णा नगरच्या आमच्या बिल्डिंगच्या मोट्टैमाडीवर, म्हणजे गच्चीवर, मी भाजी लावली. बघता बघता शेजारणीही कुंड्या घेऊन वर आल्या. पण सेक्रेटरींचं घर नेमकं गच्चीखाली. बँकेतून रिटायर झालेले, करड्या स्वभावाचे गृहस्थ. "मामी, माझ्या छतातून तुमचं सांबार गळेल," म्हणाले, आणि कुंड्या हटवून गच्चीला कुलूप घालायचा विषय त्यांनी वार्षिक मीटिंगच्या यादीत घेतला.

तेव्हा तंजावरकडचं ते गाव डोळ्यांपुढे आलं. शेतीशाळेतलं तुमचं शिकवणं वर्गात अडकून राहतं म्हणून तुम्ही जीप घेऊन गावोगाव निघाला होतात. भात ओळीत लावायचा, हे तिकडे कोणी ऐकलंही नव्हतं. मी शाळेच्या सुट्टीत तुमच्याबरोबर, मागच्या सीटवर. माझी खरी शाळा तीच. देवळाच्या मंडपात सगळे माना डोलावताहेत आणि एक मिरासदार, गावातला बडा जमीनदार, तेवढा उठतो, "बूट घालून आलेला माणूस आम्हाला लावणी शिकवणार?" तुम्ही बूट काढता आणि लावणी करून दाखवायला रस्त्याकाठचा शेताचा तुकडा मागता, तोही त्याच्याकडेच. घरी अम्मानं वाढता वाढता तुम्हाला फैलावर घेतलं, "एवढे लोक तयार होते, तुम्हाला तोच खडूस सापडला?" तुम्ही रसम ओरपत म्हणालात, "अगं, तयार आहेत त्यांना मी कशाला हवा?"

मग मीही वांग्याचं रोप घेऊन सेक्रेटरींच्याच दारात उभी राहिले. कुंडी त्यांच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर वर, विटांवर ठेवली. म्हटलं, "ओल आली तर सगळ्या कुंड्या मी स्वतः खाली नेईन. पाणी मात्र तुम्ही घालायचं." कुरकुरले, पण रोज वर जाऊ लागले, ओल शोधायला. ओल काही सापडेना. हळूहळू पानं उलटून कीड बघू लागले.

आज मीटिंग झाली. सेक्रेटरींनी पिशवीतून चार वांगी काढून टेबलावर मांडली आणि विटा कशा ठेवायच्या, पाणी सकाळीच का घालायचं, सगळं समजावत सुटले, जणू वांगं त्यांनीच शोधून काढलं. कोणीतरी कुलपाचं विचारलं, तर म्हणतात, "कुलूप घातलं तर मी पाणी कसं घालू?" हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या मिरासदारानंही पुढे अख्ख्या गावाला आपलं शेत फिरून दाखवलं. तुमचं नावसुद्धा काढलं नाही, आणि तुम्ही मागे उभे राहून खुशाल मान हलवत होतात. आज मीही मागच्या खुर्चीवर पदर तोंडाशी धरून बसले होते. पण अप्पा, हा कागद कुठल्या टपालपेटीत पडायचा नाही, म्हणून सांगते. तुमच्यासारखं मागे राहणं मला फार वेळ जमलं नाही. उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणून टाकलं, "रोप मी दिलं होतं."