दहा नंबरचा पाना

नल्लकुंटा, हैदराबाद
११ ऑगस्ट १९९६

चि. दिलीप यास नरहरमामाचे आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. मामीचा गुडघा कुरकुरतो, तरी बरकतपुऱ्यापर्यंत चालत जाऊन भाजी आणतेच. तू औरंगाबादला गेल्यापासून तिनं माझ्याजवळ तुझा विषय काढलेला नाही. तुझ्या आवडीची खट्टी दाळ मात्र दर रविवारी होते आणि मला ती मुकाट्यानं खावी लागते.

दीड वर्षात हे माझं पहिलंच पत्र. हँगरमधली एक बातमी तुला कळायला हवी. गेल्या महिन्यात मोठ्या तपासणीला विमानाचा पंख उघडला तर आत पाना. दहा नंबरचा, विमान वळवणाऱ्या कंट्रोलच्या केबलपासून वीतभर अंतरावर. शंभरावर माणसं घेऊन ते विमान रोज त्या पान्यासकट उडत होतं. आणि आपला हत्यारांचा बोर्ड? प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला, एकही जागा रिकामी नाही. रोज संध्याकाळी तो बघून मी सही करत होतो.

अप्पारावाला बाजूला घेतलं. माझा सगळ्यांत जुना मेकॅनिक, माझ्याशी खोटं बोलणार नाही. म्हणाला, "साब, बोले तो नौकरी जाती. नै बोले तो अफझलगंज में वैसाच पाना मिलता."

कुणाची नोकरी गेलेली बघून हँगरमधले सगळे हे शिकले, ते तुला सांगायला नको. तू पाना हरवल्याचं आपण होऊन सांगितलंस. विमान चार तास थांबलं, पाना ट्रॉलीखाली सापडला. भाच्याला पाठीशी घातलं असं कुणी म्हणू नये म्हणून मी तुला कामावरून काढलं. वर शिस्तीवर भाषणही ठोकलं.

इथपर्यंत लिहून दोनदा उठलो. मामीनं विचारलं, कुठे अडलं? अडलं ते आता लिहितोच.

पंखातल्या पान्यावर कानशीनं पाडलेल्या तीन खाचा होत्या. ती माझी खूण तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तुला काढायच्या दोन महिने आधी तो पाना मी हरवला होता. शोधला, मिळाला नाही. मी पडलो साहेब, सांगायची लाज वाटली. शेडमध्येच कुठे तरी पडला असेल अशी मनाची समजूत घातली आणि अफझलगंजच्या बाजारातून नवा आणून बोर्डावर टांगला. पहिला मीच, दिलीप.

अर्धा दिवस तो पाना खिशात घेऊन फिरलो. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना गोळा करून सांगून टाकलं. मग अप्पाराव उठला, बोर्डावरचा एक पाना काढून टेबलावर ठेवला. "ये मेरा, साब." त्याच्यामागून दुसरा उठला. बघता बघता बाजारातून आणून टांगलेली नऊ हत्यारं टेबलावर आली.

आपल्याकडची तिन्ही विमानं दोन दिवस उभी ठेवून उघडली. आतून आणखी दोन हत्यारं निघाली. मॅनेजर भडकले होते. मी राजीनामा पुढे केला, तर म्हणाले, "सांगणाऱ्याला काढलं तर उद्या मला कोण सांगणार?" हे दीड वर्षापूर्वी मला का सुचलं नाही?

आता जो आपण होऊन सांगेल त्याला शिक्षा नाही. काल हिम्मतराव सगळ्यांसमोर म्हणाला, टॉर्च सापडत नाही. टॉर्च मिळाल्यावरच विमान सुटलं, वीस मिनिटं उशिरा. कुणी डोळे वटारले नाहीत. मी त्याला चहा पाजला.

तुला काढल्याचा हुकूम रद्द झाला, ते पत्र सोबत आहे. त्यात माझी चूक नावानिशी आहे, मीच लिहायला लावली. तो खाचांचा पाना टेबलावर ठेवलाय, नव्या लोकांना दाखवायला. ते शिकवायचं काम तू करावंस असं मला वाटतं, कारण आमच्यात चूक सांगणारा पहिला माणूस तूच. तिकडे बरं चाललं असेल तर नको येऊस कामावर. पण एखाद्या रविवारी घरी ये, दाळ ताटात असेल.

दीड वर्ष उशिरा सांगणारा,
तुझा मामा
नरहर