दाजींचं लायसन

दिंद्रुड,
२१ ऑक्टोबर १९९६

प्रिय शिवू,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. दोन्ही मुली सहामाहीत चांगल्या पास झाल्या, वाचून बरं वाटलं. फोनच करणार होते, पण इथल्या एसटीडी बूथवर आपण बोलायला लागलो की मागची चार माणसं कान देऊन ऐकतात. म्हणून लिहायला बसले.

तुझ्या दाजींचं लायसन परत मिळालं. ते गेलं होतं हेच तुला ठाऊक नाही. शिवरात्रीला कपिलधारहून माणसं घेऊन येताना जीप नाल्यात गेली, ब्रेक लागला नाही, असं मी तुला कळवलं होतं. ब्रेक चांगला होता गं. भर दुपारी ते पिऊन जीप चालवत होते. जीपमध्ये आमच्या शेजारीण रतनबाई होत्या, त्यांचा हात दोन ठिकाणी मोडला. अजून त्यांना पदर नीट खोचता येत नाही. पोलिसांनी दवाखान्यात नेऊन यांचं रक्त तपासलं, आणि एप्रिलमध्ये कोर्टानं सहा महिन्यांसाठी लायसन काढून घेतलं.

कोर्टातून घरी आल्यावर यांनी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन माझ्यासमोर दारू सोडायची शपथ घेतली. आणि पाळलीही. जीपवर ताडपत्री टाकली आणि बद्रीनाथशेठच्या आडतीवर पोती मोजायला जाऊ लागले. सकाळी उठून आधी रतनबाईंच्या घरी पाणी भरायचे. त्या दाराकडे पाठ करून बसायच्या, हे घागर ठेवून परत यायचे. शिवू, खरं सांगते, लग्नाला चौदा वर्षं झाली, पण ते चार-पाच महिने मी सुखात काढले. लायसन गेलं ते बरंच झालं, असं मनात यायचं.

पोळ्यानंतर यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास यायला लागला. मी ओळखलं. बोलले नाही. जीप बंदच आहे, प्याले तरी चालवणार थोडेच, असं स्वतःला समजावत राहिले.

गेल्या बुधवारी बीडला आरटीओत गेलो. साहेबांनी यांना गाडी चालवून दाखवायला लावली. काय सुरेख चालवली! गाडी मागे घेताना एकदाही चाक रेषेबाहेर गेलं नाही. मला अभिमान वाटला, आणि मग त्या अभिमानाचीच लाज वाटली. साहेब वयस्कर होते. कागदावर सही करायच्या आधी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, कागदाचं सोडा. तुमी घरात राहता, तुमालाच ठाव. आता पीत न्हाईत ना?"

हे माझ्याकडे बघत होते. लहान पोरानं आईकडे बघावं तसे. मी म्हणाले, "न्हाई साहेब. सोडली."

साहेबांनी सही केली.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "कावेरी, तुझे उपकार जन्मात फिटायचे न्हाईत." मग मला स्टँडवर बाकावर बसवून, पाणी पिऊन येतो म्हणून गेले. तासाभरानं आले. लायसन माझ्या पिशवीत होतं. मी पिशवी छातीशी घट्ट धरली, तर हसून म्हणाले, "आण इकडं, हरवशील." मी दिलं. न देऊन काय करणार होते? कोण मला विचारणार होतं?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तू लिहिलंस, दिवाळीला आम्ही येतो, दाजींना बीडला जीप घेऊन घ्यायला पाठव, मुलींना जीपची हौस आहे. यांनी ते वाचलं आणि लगेच ताडपत्री काढून जीप धुतली. लई आनंदात आहेत. शिवू, तू त्यांच्या जीपमध्ये बसू नकोस. मुलींना बसवू नकोस. एस.टी.नं थेट दिंद्रुडला या. यांनी विचारलं तर मुलींना जीप लागते म्हणून सांग. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. हे पत्र वाचून फाडून टाक.

तुम्हाला निदान लिहून कळवता तरी आलं. उद्या सकाळी हे माजलगावला प्रवाशांची पहिली खेप घेऊन निघणार आहेत. त्या जीपमध्ये जी लेकरंबाळं बसतील, त्यांच्या आयांना मी कुठल्या पत्त्यावर लिहू?

तुझीच,
कावेरीअक्का