कापलेलं चित्र

९ ऑगस्ट

प्रिय चिमणे,

तू बरी असशील. मी बरी आहे, एक गुडघा सोडून. तुझं आणि माझ्या लेकाचं बिनसलं, घटस्फोटाचे कागदही झाले, तेव्हा उगाच पत्र लिहावं असं आपलं आता राहिलेलं नाही. म्हणून आधी कारण सांगते.

सातवीच्या पोरांनी झोपेवर फिल्म केलीय. मी विज्ञानाची बाई, त्यामुळे तपासणी माझ्याच गळ्यात. पाहते तर गाणी, चित्रं, सगळं इकडून तिकडून उचललेलं. म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा होऊ नका. कॉपीराइट म्हणून काही असतं. दुसऱ्याचं घ्यायचं ते गरजेपुरतं, नाव लिहून. आणि वर्गाबाहेर चारचौघांत दाखवणार असाल तर विचारून. वर्गात एक मुलगी आहे, मी तिला वकिलीणबाईच म्हणते, ती लगेच कात्री घेऊन बसली. गाणं गेलं. ढीगभर चित्रांतलं एक उरलं.

ते तू काढलेलं निघालं, तुझ्या नव्या पुस्तकातलं. वह्यांच्या ढिगावर डोकं टेकून झोपलेली म्हातारी. तोंड उघडं, चष्मा कपाळावर, हातात लाल पेन. वर्ग फिदीफिदी हसला. "बाई, ही तर तुम्हीच."

अगं, एवढी वर्षं एका घरात राहिलीस आणि लक्षात ठेवलंस ते माझं घोरणं? राग होता तर मला तोंडावर बोलायचंस. जगाला कशाला दाखवायचं?

परवानगीसाठी मुलं प्रकाशकाला लिहिताहेत. तू हो म्हण, नाही म्हण, मला त्याचं काही नाही.

तुझी आता कोणी नसलेली,
माझ्या लेकाची आई


२३ ऑगस्ट

प्रिय चिमणे,

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. वाटेत हरवलं असेल तर पोस्टमनचं भलं होवो.

प्रकाशकाचं उत्तर आलं. चित्र खुशाल वापरा, नाव द्या, पण चित्र कापायचं नाही, चित्रकर्तीचा तसा आग्रह आहे. वकिलीणबाईंचं तोंड एवढंसं झालं. म्हातारी पडद्यावर मोठी दिसावी म्हणून तिने कडा छाटल्या होत्या. मग मी वाचनालयातून पुस्तक आणवलं, चित्र पुन्हा अख्खं घेतलं आणि वर्गात अंधार करून फिल्म लावली.

डाव्या कडेला एक हात होता. म्हातारीच्या खांद्यावर चादर ओढणारा. बोटांना रंग लागलेला, अंगठ्यापाशी भाजल्याची खूण. त्या भाजलेल्यावर बर्फ धरून मीच बसले होते, मी ती खूण विसरेन होय?

मला कधी कळलंच नाही गं. वह्या तपासता तपासता डोळा लागायचा, आणि सकाळी अंगावर चादर असायची. वाटायचं, झोपेत मीच ओढून घेतली. तू गेल्यापासून थंडीने जाग येते. तरी या मठ्ठ बाईच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

लेक दुसऱ्या गावी असतो. फोन करतो, "जेवलीस का" विचारतो आणि मी हो म्हणायच्या आत ठेवतो. घरात कोणी बोलतंय असं वाटावं म्हणून मी बातम्या मोठ्याने लावून ठेवते. मला फार एकटं वाटतं. हे त्याला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय.

फिल्म संपल्यावर वकिलीणबाईने विचारलं, "बाई, हात कोणाचा?"

म्हटलं, "जिने चित्र काढलं तिचा."

"त्या तुमच्या कोण?"

सून म्हणावं तर कागद झालेले. कोणी नाही म्हणायला जीभ रेटेना. शेवटी म्हटलं, "वह्या काढा." पोरं निमूट वह्या काढून बसली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता फिल्म शाळेच्या सभागृहात दाखवणार आहेत. पालक येतील, गावातली चार माणसं येतील. लेकाला मी कळवलेलं नाही, तेव्हा तो समोर येईल ही धास्ती नको. तू ये. मी दाराशीच उभी असेन. पोरांसमोर तू मला काय हाक मारशील, ते तुझ्यावर. मी मात्र खाली जे लिहितेय, ते तुला विचारल्याशिवाय लिहीत नाही.

तुझी परवानगी असेल तर,
तुझी आई