घरात मराठी बोलायची नाही

२ मार्च
नोकरी सोडली ते बरंच झालं. सोडायला त्यांनीच सांगितलं, हा तपशील झाला. आजपासून मी फाउंडर! लँग्वेज इमर्शन रिट्रीट. आपल्याकडच्या लोकांनी इथे परदेशात यायचं, आमच्या घरी राहायचं आणि इथली भाषा बोलता बोलता शिकायची. पुस्तक नाही, व्याकरण नाही. नियम एकच : घरात मराठी बोलायची नाही.
बायको म्हणाली, मग तुम्ही काय करणार? तिला बिझनेसमधलं काही कळत नाही.

४ मार्च
पहिली विद्यार्थिनी पक्की. ताईची मुलगी. नर्स आहे. इथल्या हॉस्पिटलने तिला घेतलंय, पण इथल्या भाषेची तोंडी परीक्षा पास झाली तरच. परीक्षा महिनाअखेरीस. हुकली तर जागा दुसऱ्या कुणाला तरी. पोरीने तिकडे क्लास केलाय, पण बोलायचा सराव नाही. तुझ्या भरवशावर पाठवतेय रे, असं ताई दोनदा म्हणाली. मी म्हटलं, अगं, इतकी वर्षं इथे काय माशा मारतोय? निर्धास्त राहा.
माझी भाषा तशी पक्की आहे. ऑफिसात सगळं इंग्रजीत, त्यामुळे ती बाहेर यायला संधी मिळाली नाही, एवढंच. ‘हो’ आणि ‘धन्यवाद’ तर मी असे म्हणतो की समोरच्याला शंकासुद्धा येत नाही.

७ मार्च
जिन्यात खालच्या आजी भेटल्या. त्या इथल्याच, घरही त्यांचंच, आम्ही वरच्या मजल्यावर भाडेकरू. बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मी हो म्हटलं. पुन्हा हो म्हटलं. शेवटी धन्यवाद. छान गप्पा झाल्या.

८ मार्च
सकाळी दोन माणसं आली आणि आजींचं भलंमोठं कपाट आमच्या हॉलमध्ये ठेवून गेली. बायको खाली जाऊन विचारून आली. म्हणे, काल मीच आनंदाने परवानगी दिली. आता दार अर्धंच उघडतं. रिट्रीटला लोकल टच हवाच होता, असं मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

११ मार्च
भाची आली. अर्ध्या दारातून बॅग आत घेताना हँडल तुटलं. मराठी बंद! मी तोंडभरून ‘हो’ म्हणून स्वागत केलं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. प्रवासाचा शीण असणार.

१२ मार्च, बाथरूम
मराठी चालेल अशी हीच एक जागा उरली आहे. नियम केल्यापासून माझी वाचाच बसली. जेवताना मीठ हवं होतं, शब्द ऐन वेळी आठवेना. भाजी अळणीच खात होतो. भाचीने मीठ हळूच माझ्या ताटाजवळ सरकवलं, माझ्याकडे न बघता. गुणी पोर.
बायको मात्र सुटलीये नुसती. भाजीवाली, पोस्टमन, आजी यांच्याशी बोलून बोलून शिकली म्हणे. व्याकरण कच्चं असणार.
संकल्प : उद्यापासून रोज दहा शब्द.

१७ मार्च
शब्द उद्यापासून. भाची सकाळी आजींकडे, दुपारी बायकोबरोबर बाजारात. मी ऑब्झर्वेशनवर. चांगला फॅसिलिटेटर कमीच बोलतो. चहाच्या वेळी भाचीने मला काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. तिने तेच सावकाश विचारलं. मी ठासून हो म्हटलं. मग ती कप विसळायला उठली.

२९ मार्च
परीक्षा उद्या. बायको म्हणाली की तिच्याबरोबर मी जाते. मी साफ नाही म्हटलं. रिट्रीटची इभ्रत आहे, फाउंडरनेच जायला हवं. भाची काहीतरी बोलणार होती, पण गप्प बसली.

३० मार्च
लिहवत नाही.

३१ मार्च
लिहूनच टाकतो.
भाचीच्या पोटात भीतीने गोळा आला म्हणून ती टॉयलेटला गेली. नेमकं तेव्हाच तिचं नाव पुकारलं. काउंटरवरच्या बाईंनी काहीतरी विचारलं. मी टॉयलेटकडे बोट दाखवलं, पोटावर हात ठेवला. त्यांनी चेहरा पाडून पुढे काही विचारलं. हो म्हटलं. मग त्यांनी तेच सावकाश विचारलं, अगदी लहान मुलाला विचारतात तसं. मागे लोक उभे होते. कळलं नाही म्हणायची लाज वाटली. हो म्हटलं. वर धन्यवाद! त्यांनी शिक्का मारला.
पोरगी आजारी आहे का आणि परीक्षा पुढच्या वेळी ठेवू का, असं त्या विचारत होत्या, हे मागाहून भाचीकडून कळलं. पुढची परीक्षा जुलैत.
भाची बाहेर येऊन त्यांच्याशी भांडली. इथल्या भाषेत, कुठेही न अडखळता. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण ही पास झाली असती एवढं कळत होतं. बाई पुन्हा पुन्हा माझ्याकडे बोट दाखवत होत्या.
बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३ एप्रिल
हॉस्पिटलने जागा दुसरीला दिली. बायकोने खूप फोन केले, उपयोग झाला नाही. ताईचा फोन आला, मी बाथरूममध्ये जाऊन बसलो.
संध्याकाळी भाची माझ्याशी मराठीत बोलली. म्हणाली, मामा, मला मिठाच्या दिवशीच कळलं होतं. तुझी मान खाली जायला नको म्हणून बोलले नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मामीलाच येऊ दे म्हणणार होते, तेव्हासुद्धा.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ एप्रिल
भाची जुलैच्या परीक्षेपर्यंत इथेच. ताईला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ताईने फोन ठेवला.
रिट्रीट बंद. म्हणजे विद्यार्थी एकच आहे, मी. भाचीने इथल्या भाषेतलं एकच वाक्य शिकवलं : मला समजलं नाही. हे येईपर्यंत दुसरं शिकवणार नाही म्हणाली. सकाळपासून बाथरूममध्ये घोकलं.
दुपारी जिन्यात आजी भेटल्या. काहीतरी सांगायला लागल्या. ‘हो’ अगदी ओठांवर आला होता. तो गिळला आणि म्हटलं, मला समजलं नाही.
आजींनी माझ्या दंडावर थोपटलं. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, ते मला पहिल्यापासून माहीत आहे.
हे मात्र समजलं.