नजर माझ्यावर ठेव

४ ऑक्टोबर २००९, रविवार, पहाटे ५.४०
आजपासून रोजनिशी. कोचने ती लिहावीच, असं पुस्तकात आहे. पुस्तक म्हणजे नागपूरहून आणलेली स्केटिंगवरची इंग्रजी झेरॉक्स. पान ११ ते १८ गायब. स्पिनचा धडा नेमका तिथेच होता. हरकत नाही. गिरकी मला कोणी शिकवायची गरज नाही. दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, बारा वर्षं नाचलो, तिरोड्यापर्यंत लोक अजून नाव काढतात. तीन-चार लोक.

ध्येय: १३ डिसेंबर, नागपूर, राज्यस्पर्धेची निवड. खेळाडू: माझी दीप्ती, वय बारा, चार चाकांचे स्केट्स. एका पायावर, एकाच जागी, सहा फेरे पाहिजेत. सध्या दोन होतात, तिसऱ्यात पोरगी चार फूट सरकते.

मागच्या वर्षी बत्तीस पोरींत एकतिसावी आली. त्यानंतर आठ दिवस शाळेत गेली नाही, पोट दुखते म्हणे. तसं पुन्हा नको. माझ्याच्यानं पाहवणार नाही.

पद्धत सोपी. दंडारीत चक्कर येऊ नये म्हणून नजर एका जागी धरायची, मान शेवटी झटक्यात फिरवायची. मी लाल टी-शर्ट घालून कडेला उभा राहणार. प्रत्येक फेऱ्याला नजर माझ्यावर. बस.

९ ऑक्टोबर
तीन फेरे! सरकणं पाच फूट. मान दुखते म्हणाली. बाम लावला.

दोष जागेचा. आम्ही राईस मिलच्या धान वाळवायच्या सिमेंटच्या ओट्यावर प्रॅक्टिस करतो. मी तिथेच काट्यावर ट्रक तोलतो, म्हणून सेठजी सात वाजेपर्यंत काही म्हणत नाहीत. पण धानाचे दाणे चाकात जातात. उद्या पाचला उठून ओटा स्वतः झाडणार.

१० ऑक्टोबर
झाडला नाही. उठलो होतो, मनाने.

११ ऑक्टोबर, रविवार
बायको प्रेमिला चहा घेऊन ओट्यावर आली. दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, पोरगी कोंबडीवानी मान काऊन झटकून राहिली? मी म्हटलं, तुला टेक्निकमधलं समजत नाही. ती म्हणाली, टेक्निक नसंल समजत, मान समजते.
तिला चहाच्या वेळी येऊ नको सांगितलं. चहा पाठव म्हटलं.

२५ ऑक्टोबर, रविवार
शब्दांनी शिकवून काही होत नाही, म्हणून आज स्वतः करून दाखवलं. स्केटिंग क्लबकडून मागून आणलेले नऊ नंबरचे स्केट्स. पहिला अर्धा फेरा एकदम शास्त्रशुद्ध. उरलेला अर्धा बसून. हमाल चैतरामभाऊ धावत आले, म्हणाले, अरे बापा, या वयात कायले मरून राहिले? डॉक्टर म्हणाले, उमर देखिए. पंधरा दिवस कमरेला पट्टा.
दीप्ती हसली नाही. मला तेच जास्त लागलं.

८ नोव्हेंबर, रविवार
नवीन धान आला, ओटा भरला. प्रॅक्टिस कुडव्याच्या समाजमंदिरात हलवली. समितीचे सेवकरामदादा म्हणाले, फरशीले चाकांचे डाग पडतीन. मी म्हटलं, पोरगी राज्याला गेली की त्या फरशीचाच फोटो पेपरात येईल. दादांनी एक तास दिला, आणि पोछा माझ्या हातात दिला.
जागा लहान, म्हणून मी जवळ उभा राहतो. नजर अजून पक्की. आज तीन फेरे, आणि सरकत थेट माझ्या पायावर. अंगठा सुजला.

१९ नोव्हेंबर
काट्यावर ट्रकांची लाईन, सुट्टी नाही. दीप्तीला आई घेऊन गेली. रात्री प्रेमिला म्हणाली, सात फेरे झाले. खडूच्या गोलाबाहेर चाक गेलं नाही.
शक्य नाही. मोजताना चुकली असेल.

२० नोव्हेंबर
मी हजर. तीन. पाच फूट. म्हटलं होतं न.

२७ नोव्हेंबर
या आठवड्यात चारदा असंच. मी काट्यावर असलो की सात, मी समोर असलो की तीन. निष्कर्ष: माझ्यासमोर मोजमाप कडक असते.
फार थकलो आहे. दिवसभर धानाचे ट्रक, सकाळ-संध्याकाळ पोछा. कोचगिरीत इतकं पुसावं लागतं, हे पुस्तकात कुठे नाही.

२ डिसेंबर
नागपूरच्या ओळखीच्या माणसाने गायब पानं पाठवली. डिक्शनरी घेऊन बसलो. पान १४: नाचणाऱ्यासारखी मान झटकू नये. डोकं, खांदे, कंबर सगळं एका खांबासारखं सोबत फिरावं. नजर कशावरही रोखू नये.
बहुतेक छपाईची चूक.

३ डिसेंबर
छपाईची चूक नाही. तीनदा वाचलं. दोन महिने मी पोरीला उलटं शिकवलं.
दीप्तीला सांगितलं, बेटा, आजपासून माझ्याकडे पाहायचं नाही. ती म्हणाली, मी कुठे पाहते बाबा, तुम्ही दिसले की मान आपोआपच वळते.
दहा दिवसांत सवय मोडेल. मोडलीच पाहिजे.

१२ डिसेंबर
मोडली नाही. बॅग भरली. लाल टी-शर्ट घेतला नाही, निळा घेतला.

१३ डिसेंबर, रविवार, नागपूर
दीप्ती बूट बांधत होती. वर न पाहता म्हणाली, बाबा, तुम्ही बाहेर थांबता का? मी म्हटलं, शर्ट निळा आहे आज. ती म्हणाली, शर्टाचं नाही बाबा, तुमचं.
प्रेमिलाने माझ्या गळ्यातलं कोचचं कार्ड काढून स्वतःच्या गळ्यात घातलं.

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो. चौकीदाराने विचारलं, बच्ची अंदर है क्या? हो म्हटलं. तो म्हणाला, तो देखते काहे नहीं? टाकीचा नळ टपकत होता, तो घट्ट केला. आतून गाणं ऐकू आलं, मग टाळ्या. कोणासाठी, ते समजेना.

निवड झाली. तिसरी आली. सात फेरे, एका जागी. मी एकही पाहिला नाही.

मग ती स्केट्ससकटच सरकत बाहेर आली. म्हणाली, बाबा, तुम्हाले इथे करून दाखवते. पार्किंगच्या सिमेंटवर तयारीत उभी राहिली, आणि थांबली. माझ्याकडे पाहून राहिली.
मला समजलं. मी म्हटलं, कर बेटा, आणि टाकीकडे तोंड केलं.
चाकांचा आवाज ऐकत मोजले. सात.