तीन की आठ

आबा, काल मी फलटणला जाऊन आले. या वयात एकटी एसटीनं गेले म्हणून सूनबाई अजून फुगलेली आहे, पण जाणं भागच होतं. तिकडच्या एका तिशीतल्या माणसाचा फोन आला होता. आजोबांचा जुना ट्रक शेताच्या बांधावर लिंबाखाली कित्येक वर्षं उभा आहे, तो त्याला चालू करायचाय. यंदा साखर कारखान्याची मोळी पडेल, गाळप सुरू होईल, तेव्हा पहिला ऊस त्याच ट्रकमधून गेटावर न्यायचा असं त्याच्या मनानं घेतलंय. पण आत इंजिन कुठलं आहे हेच कुणाला सांगता येईना. साताऱ्याचे मिस्त्री झाले, पुण्याचे झाले, मोबाइलवर फोटो पाहून जो तो वेगळं सांगतोय. शेवटी कुणीतरी म्हणालं, सांगलीत एक म्हातारी आहे, तिला विचार. त्यानं बॉनेट उचललं आणि मला हसूच आलं. इंजिनाच्या टोपीवर, वरच्या झाकणावर, दोन रिबिटांनी ठोकलेली ती पितळी पट्टी अजून तिथंच होती. ती पट्टी मी जन्मात विसरणार नाही, आणि का ते तुम्हाला ठाऊक आहे.

लढाईतल्या गाड्यांवर हात बसलेले तुम्ही पलटणीतून सुटून आलात आणि मिरज रस्त्याला गॅरेज टाकलंत. तुमच्याकडं यायचे ते सगळे असलेच जुने जड ट्रक. कुणी लढाईच्या वेळचा, कुणी कोयनेच्या धरणावर खडी वाहून थकलेला. एकाचंही मूळचं इंजिन जागेवर नसायचं. पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवलेलं, या कंपनीच्या गाडीत त्या कंपनीचं, त्यामुळं आधी इंजिन ओळखायचं आणि मगच पान्याला हात लावायचा असा तुमचा नेम. ओळखलेल्या प्रत्येक इंजिनाची वहीत नोंद व्हायची. सिलिंडर किती, भोक केवढं, दट्ट्या किती चालतो, कुठल्या क्रमानं पेट घेतो. मॅट्रिकनंतर ती वही माझ्याकडं आली. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार हा सहा सिलिंडरचा क्रम मला परवचा पाठ असावा तसा पाठ होता. आतलं माप घ्यायचं कॅलिपर तर तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत. पिठाचा डबा, तांब्या, सगळ्यांची तोंडं मी मोजत सुटले होते. आई लाटणं हातात घेऊनच म्हणाली, "आवं, पोरीला भाकरी थापाय शिकवायची, का डब्यात कात्री घालाय?" तुम्ही म्हणालात, "भाकरी बी मापात यील की!" आली नाही ती. अजूनही कडेनं चिरतेच.

मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती, मी चोवीस वर्षांची होते. तुम्हाला इंजिनावरचे आकडे दिसेनासे झाले, पण तुम्ही कबूल करायला तयार नव्हतात, आकडेच पुसट झालेत म्हणायचात. शेवटी एका भंगारवाल्याला शब्द देऊन बसलात की दसरा झाला की हत्यारांसकट गॅरेज घेऊन जा. मला विचारलं नाहीत. मी चिडून म्हणाले, "मी हाय की, आबा." तुम्ही म्हणालात, "तू वही लिवतीस गं. इंजन वळखणं निराळं." त्या वाक्यानं मला रात्रंदिवस टोचलं. म्हणून तुम्ही ऑपरेशनला मिरजेच्या दवाखान्यात गेलात आणि त्याच आठवड्यात हा फलटणचा ट्रक दारात आला, तेव्हा मला वाटलं, देव पावला.

ट्रकचा मालक स्वतःच ड्रायव्हर होता, उंच, किडकिडीत, सारखा कानावर हात फिरवणारा. इंजिन धूर ओकत होतं, दट्ट्याच्या रिंगा गेल्या होत्या. तो म्हणाला, "अक्का, मोळी पडायच्या आत गाडी गेटावर उभी केली न्हाई तर माझा नंबर जातोय. मग वर्सभर बसून ऱ्हायचं." मी झोकात बॉनेट उघडलं, टोपीवरची पट्टी वाचली, वहीत ते इंजिन काढलं आणि पुण्याहून रिंगांचा सेट मागवला. चार दिवसांनी एसटीनं पार्सल आलं. तोवर आपल्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी इंजिनाचा हेड उतरवून ठेवला होता. रिंग सिलिंडरच्या तोंडावर ठेवली, तर ती आत जाईचना. चांगली सूतभर मोठी. ड्रायव्हर नुसता कानावर हात फिरवत उभा राहिला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती रिंग कागदात गुंडाळून मी दवाखान्यात आले. तुमच्या दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, मान हलवायची बंदी. रिंग तुमच्या हातात दिली. तुम्ही ती बोटांनी फिरवत राहिलात आणि मी खाटेच्या गजाला धरून उभी होते.

"कुठनं वाचलंस?"

"टोपीवरच्या पट्टीवरनं."

रिंग पांघरुणावर ठेवून तुम्ही म्हणालात, "उद्या मी पोलिसाची टोपी घालून हितं झोपलो, तर फौजदार झालो व्हय? टोपी चार बोल्टांची. भंगारातनं आणून कुणीबी बसवतंय. तू पट्टी वाचलीस, इंजन न्हाई वाचलंस." बाजूच्या खाटेवरचा म्हातारा खुदकन हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी जायला निघाले तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, "भंगारवाला येऊन गेला का गं?" आणि मी नाही म्हटल्यावर बोललात, "बरं. मी घरी येस्तवर कुणाला काय देऊ नगंस."

घरी आल्यावर डोळ्यांवर हिरवी पट्टी असतानाच तुम्ही सकाळी मला गॅरेजात नेलंत. नेलंत कसलं, मीच तुमचा हात धरून नेलं. ट्रक तसाच, हेड उतरलेला. ड्रायव्हरही तिथंच मुक्कामाला होता. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढलात आणि माझ्या डोळ्यांवर बांधलात. "डोळं लगीच पट्टीकडं धावत्यात. आता हातानं वाच. वळखलंस तर गॅरेज ऱ्हातंय. न्हाई वळखलंस तर सांजच्याला भंगारवाल्याला बोलवायचा." टॉवेलाला डिझेलचा आणि तुमच्या विडीचा वास येत होता. मी भोकं मोजली, सहा. कॅलिपर आत घालून उघडलं आणि ड्रायव्हरला मोजपट्टीला लावून वाचायला सांगितलं. त्या मापाची वहीत दोन इंजिनं होती, सख्खे भाऊ म्हणावेत अशी. दोघांत फरक पाव सुताचा, आणि धाकट्याचं भोक एकदा बोअर करून वाढवलं की तो थोरल्याएवढाच भरतो. मापावर निवाडा होणार नव्हता. आता आधार एकच, ब्लॉक ओततानाच उठवलेला आकडा. ठोकलेला आकडा घासून काढता येतो, ओतीव आकडा इंजिनाबरोबरच मरतो, असं तुम्ही म्हणायचात.

इंजिनाच्या डिझेल पंपाखाली हात घालून मी तो आकडा शोधला. पहिले तीन अंक सरळ लागले. चौथ्यावर बोट अडलं. तेलाची, काजळीची खापरी धरलेली. इंग्रजी तीन की आठ? तीन असला तर धाकटा, आठ असला तर थोरला. मी नखानं खरवडलं, परत बोट फिरवलं. "सावकाश," तुम्ही म्हणालात. आणि मी सांगितलं, "तीन."

तुम्ही स्वतः वाकून बोट फिरवलंत. "तीनच हाय," म्हणालात आणि ड्रायव्हरकडं तोंड करून बोललात, "आता तिलाच इचारत जा रं. मला दिसत न्हाई." नव्या रिंगा आल्या, मोळीच्या आदल्या दिवशी ट्रक दारातून बाहेर पडला. ड्रायव्हर ती खोटी पट्टी उपटायला निघाला होता, तर तुम्ही त्याला थांबवलंत. "असूं दे. फुडच्याला शानं करंल." भंगारवाल्याला तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत. कॅलिपर मला दिलंत, सागवानी पेटीसकट. पुढं मी लग्न केलं ते गॅरेज चालवू देणाऱ्याशीच. सत्तावीस वर्षं चालवलं, आबा. तुम्ही त्यातली नऊ पाहिलीत, आणि मला फार फार आनंद झाला होता की तुम्ही पाहिलीत.

आता जे सांगायचं म्हणून वही उघडली ते सांगते. तुमच्या टॉवेलाला भोक होतं. त्या चौथ्या अंकाशी माझं बोट हरलं, मी मान जराशी खाली केली आणि भोकातून पाहिलं. तीन मी हातानं वाचला नव्हता. नऊ वर्षं तुमच्या पानात भाकरी वाढताना हे ओठावर यायचं, आणि तुम्ही लोकांना माझ्या बोटांचं कौतुक सांगायला लागलात की मी परत गिळून टाकायचे. पुढं म्हातारपणी एकदा लक्षात आलं, ते भोक विडीचं होतं. तुमच्याच विडीनं पडलेलं. स्वतःच्या टॉवेलातलं भोक माणसाला ठाऊक नसतं का हो?

काल त्या मुलानं टॉर्च पुढं केला. मी म्हटलं, "बंद कर." पंपाखाली हात घातला, पन्नास वर्षांची खापरी नखानं काढली. माझी बोटं आता सांध्यात वाकडी झालीत. तरी चौथ्या अंकावर बोटाचं टोक डावीकडून आत गेलं, एकदा वर, एकदा खाली. आठ कुठूनच आत घेत नाही, तीन घेतो. एवढं साधं होतं, आबा. तो मुलगा म्हणाला, "आजी, कळलं का?" मी म्हटलं, "तीन." त्यानं लगेच कुणाला तरी फोन लावला, इंजिन सापडलं म्हणून ओरडत शेतभर पळाला. मोळीला मला न्यायला येणार आहे. पट्टी उपटू नकोस म्हणून मीही त्याला बजावलंय.

हे पान मी कॅलिपरच्या पेटीत ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवू? एवढंच कळवायचं होतं की काल डोळे मिटले होते. अगदी घट्ट मिटले होते.