चालते व्हा

रविवार, ३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

शिरसाष्टांग नमस्कार मनातल्या मनात घडला असं समज; वाकायला मला सध्या वेळ नाही. तुम्ही सगळे मजेत असालच. पाकीट बघून दचकू नकोस, कुणाला नवीन काही झालेलं नाही. फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, म्हणून लिहायला बसले. कागदाची रेंज जात नाही.

तर मी एका भानगडीत पडले आहे. बाबांना झटका आल्यापासून आपण त्यांना ज्या केंद्रात नेतो (आपण म्हणजे मी), तिथे अर्धांग झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवतात. शिकवतात उत्तम. पण आत शिरायला पायऱ्या आहेत, चांगल्या उंच. चालता येत नाही म्हणून तिथे जायचं, आणि चालता येत असेल तरच आत जायचं. ही इमारत ज्याने बांधली त्याला मला एकदा समोरासमोर भेटायचंय. आता दाराशी उतार बांधायचा ठरलाय. त्यासाठी लोकांनी वर्गणी भरून नाव नोंदवायचं आणि सतरा तारखेला सकाळी केंद्रासमोरच्या चौकातून पुलापर्यंत चालत जाऊन परत यायचं. कल्पना फिजिओची. "ताई, तुम्ही नुसतं हो म्हणा, बाकी सगळं स्वयंसेवक बघतील," असं ती पोरगी म्हणाली, आणि मी हो म्हणाले.

स्वयंसेवक माणसं सोन्यासारखी आहेत. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे ते लिहायची इच्छा राहणार नाही.

एक आहेत शिट्टीबाई. शाळेत खेळाच्या बाई होत्या, निवृत्त झाल्या, शिट्टी नाही झाली. बैठक सुरू करायला शिट्टी, संपवायला शिट्टी, परवा मी चहा आणला तर त्यालाही शिट्टी. दुसरे मुद्दे-काका. जन्मभर कचेरीत काढलेला माणूस. "माझा मुद्दा एवढाच" म्हणून सुरू करतात आणि तो एवढाच कधीही नसतो. पिण्याच्या पाण्याचं टेबल पुलाच्या अलीकडे मांडायचं की पलीकडे, यात एक अख्खी दुपार गेली. शेवटी ठरलं काय, तर पुलावर. मग लोक चालणार कुठून, असं मी विचारलं, तर शिट्टीबाई म्हणाल्या, "ताई, नकारात्मक सूर नको."

बैठका आपल्याच घरी होतात, कारण बाबा इथे आहेत आणि म्हणे त्यांच्याकडे बघून सगळ्यांना प्रेरणा मिळते. बाबांना काय मिळतं हे कुणी विचारत नाही. बाहेरच्या खोलीत गलका चालतो आणि ते आत पलंगावर छताकडे बघत पडलेले असतात. त्या दिवशी त्यांनीच झेंडा दाखवून चालणाऱ्यांना निरोप द्यायचा, असंही परस्पर ठरलंय.

बुधवारी मी औषधं आणायला गेले होते. परत येते तो काय, शिट्टीबाई डोळे पुसतायत आणि मुद्दे-काका चष्मा. "बोलले! तुमचे बाबा बोलले! आम्हाला संदेश दिला!" झटक्यापासून बाबांच्या तोंडून एक धड शब्द निघालेला नाही. पाणी हवं असलं तरी "बा, बा" करतात आणि आपण ओळखायचं. आणि यांना म्हणे संदेश! काय बोलले, तर सांगेनात. टी-शर्टवर छापून येईल तेव्हाच कळेल. मी आत धावले, तर बाबा भिंतीकडे तोंड करून निजलेले. त्यांना सांभाळायला ज्या मावशी येतात त्या तिथेच होत्या. त्यांना विचारलं, तर तोंड दाबून खोलीबाहेर पळाल्या.

आता तू म्हणशील, हे सगळं मला कशाला सांगतेस. कशाला नाही, उगाच. तू येशील का असं मी विचारत नाहीये. तुझं उत्तर मला पाठ आहे: "ज्या तोंडाने हाकललं त्याच तोंडाने बोलावू दे, पुढच्या गाडीने येतो." तू हे म्हणालास तेव्हा ते तोंड व्यवस्थित चालू होतं. तुझा निरोप मी त्यांना शब्दन् शब्द सांगितला होता. ते "बघू" म्हणाले. मग ते बघण्याआधीच झटका आला. आता तोंड बंद, अट तशीच लटकतेय, आणि तुम्हा दोघांच्या मध्ये मी.

असो. पुलावरच्या टेबलाचं काय करायचं ते सुचलं तर कळव.

तुझी,
बारकी

~

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

दादा,

पहिलं पत्र पोचलं असेल-नसेल. हे त्याच्याआधी वाच, वाटल्यास ते फाडून टाक.

टी-शर्ट परवा आले. गठ्ठेच्या गठ्ठे, पिवळेधमक, आणि प्रत्येकाच्या छातीवर हातभर अक्षरांत छापलंय: "चालते व्हा!"

शिट्टीबाई कौतुकाची वाट बघत उभ्या. "बाई," मी म्हटलं, "याचा अर्थ काय होतो माहीत आहे ना तुम्हाला?" मुद्दे-काका पुढे सरसावले. "माझा मुद्दा एवढाच, की शहाणे व्हा, मोठे व्हा, तसं चालते व्हा. 'चालते' हे इथे विशेषण आहे. पडून राहिलेल्या माणसाला केवढा धीर देणारे शब्द! आणि तेही कुणाच्या तोंडून!"

तेव्हा कुठे मावशींनी तोंड उघडलं. गेल्या आठवड्यातल्या त्या बुधवारी ही मंडळी बाबांच्या पलंगाभोवती उभी राहून एकदम बोलत होती. शिट्टीबाईंनी प्रेरणा म्हणून पलंगाजवळ शिट्टी फुंकली. बाबा लाल झाले, डावा हात दाराकडे उगारला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चालते व्हा!" यांनी टाळ्या वाजवल्या.

दादा, मी कपाळाला हात लावला आणि मग इतकी हसले की मला ठसका लागला. पण हसू फार टिकलं नाही. कारण मला तू आठवलास. तू एवढंच म्हणाला होतास, "बाबा, दुकान चालत नाहीये, बंद करू या." आणि ते भर गिऱ्हाइकांसमोर ओरडले होते, "दुकान चालत नसेल तर तू चालता हो!" तू हातातला बुटांचा खोका काउंटरवर ठेवलास आणि दुकानातल्याच स्लिपर घालून निघून गेलास; तुझे बूट तिथेच राहिले. इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं, तर त्यातून निघालं तेच! मला त्यांचा इतका राग आला की संध्याकाळचं औषध मी त्यांना न बोलता दिलं.

फिजिओ म्हणते, यात नवल नाही. रागाचे शब्द डोक्यात वेगळ्या वाटेने येतात, झटक्यातूनही शाबूत राहतात. ठरवून बोलायचे शब्द मात्र एकेक खणून काढावे लागतात. त्यात पुन्हा टी-शर्ट तिला फारच आवडलाय. केंद्रातल्या सगळ्यांना आवडलाय. म्हणतात, आम्ही आमच्या आजाराला उद्देशून घालू. बाजारात मात्र काल गोंधळ झाला. शिट्टीबाई तो घालून नावनोंदणीला हिंडत होत्या, तर भाजीवाली कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण दुकानापुढे उभं राहून मलाच चालते व्हा म्हणता?" मुद्दे-काका तिला विशेषण समजावत बसले.

मी टी-शर्ट बाबांपासून लपवून ठेवला होता. आज दुपारी मावशींच्या हातात त्यांना दिसला. "बा, बा" करून मागून घेतला, मांडीवर पसरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. दादा, त्यांचा चेहरा पडला. बराच वेळ ते दाराकडे बघत राहिले. दाराशी तुझे ते बूट आहेत, बाबांनीच दुकानातून आणून ठेवलेले. अजून आहेत. झटका येईपर्यंत ते स्वतः त्यांना पॉलिश करायचे. मी काही म्हटलं की म्हणायचे, "चामडं तडकतं, दुसरं काही नाही."

मग त्यांनी तळहात "व्हा"वर ठेवला, अक्षर झाकून टाकलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चा... चाल..."

मी नेहमीसारखी सुटले. "चहा? चादर? चालायचंय? काठी देऊ?" ते मान हलवतायत, मी विचारतेय. शेवटी वैतागून त्यांनी पलंगावर मूठ आपटली आणि मलाच म्हणाले, "चालते व्हा!" स्वच्छ, एका दमात. मीही वैतागले. "नाही होत चालती! मी पण गेले तर तुमच्यापाशी आहे कोण?" असं ओरडले आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागले.

मग त्यांनी डाव्या हाताने माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायचे तशी, आणि तुझ्या बुटांकडे बोट केलं. ओठ जुळवले. नुसती हवा आली. पुन्हा जुळवले. मानेच्या शिरा ताठल्या, कपाळावर घाम आला. मावशी म्हणाल्या, राहू द्या आता, दमतील. पण ते थांबेनात. किती वेळ चाललं होतं मला माहीत नाही. चहा गार झाला, ऊन खिडकीवरून उतरलं.

आणि मग ते म्हणाले, "ये."

मला कळलं नाही असं वाटून, बुटांकडे हात करून पुन्हा म्हणाले, "ये. चालत... ये."

मी काहीही बनवून सांगत नाहीये. तुला शंका येणार हे ठाऊक आहे, म्हणून सोबत टी-शर्ट पाठवतेय. "व्हा"वर मी पांढरं कापड शिवलंय आणि त्यावर बाबांनी "ये" लिहिलंय. मी कागदावर काढून दिलेलं बघत बघत, डाव्या हाताने. अक्षर तिरकं आहे, पण वाचता येतं. "चालते"ची मात्रा छापील आहे, ती निघत नाही. मुद्दे-काका म्हणाले, व्याकरणदृष्ट्या हे चूक आहे. मी त्यांना बाबांचेच शब्द ऐकवले, आणि या वेळी त्यांना विशेषण वाटलं नाही.

सतराला झेंडा दाखवायला बाबांना त्या पायऱ्यांवर उभं करायचंय. एका बाजूने मी धरीन. शिट्टीबाई दुसरी बाजू धरायला तयार आहेत, पण त्या बाजूला मी कुणालाही नाव देऊ दिलेलं नाही.

बूट पाठवत नाही. ते इथेच येऊन घालायचे. ज्या तोंडाने हाकललं, त्याच तोंडाने बोलावलंय. आता पुढची गाडी कधी आहे ते तू बघ.

तुझी बारकी,
आणि, डाव्या हाताने,
बाबा